सातपुड्याचा रानपिंगळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आमच्या शेंदूरजनाघाटला पिंगळा कोणाला दाखवावा लागत नाही. संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्यावर एखादं जुनं आंब्याचं नाहीतर कडूनिंबाचं झाड असतं. त्याला ढोली असते आणि तिन्हीसांजा झाल्या की ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे येऊन बसतात. मग चिर्र-चिर्र असा कलकलाट सुरू होतो. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "पिंगळा बोलून राह्यला बाप्पा, आता कोन येते पाव्हनं?" पहाटे कंदील घेऊन दारी येणारा, कुडमुडं वाजवून भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आता क्वचितच दिसतो. पण त्याला या पक्ष्याची भाषा कळते असं आमच्या लहानपणी सगळेच मानत. म्हणजे पिंगळा हा वऱ्हाडात नुसता पक्षी नाही, तो घरातलाच एक.

आज मात्र मी त्याच्याविषयी बोलणार नाही. मला बोलायचं आहे त्याच्या चुलतभावाविषयी. तो गावात येत नाही, बगीच्यात राहत नाही, पाहुण्यांची वर्दी देत नाही. तो राहतो सातपुड्याच्या उघड्या सागवानी जंगलात आणि चक्क दिवसा शिकार करतो. त्याचं नाव रानपिंगळा. काही जण त्याला वनपिंगळा म्हणतात. साऱ्या जगात हा पक्षी फक्त मध्य भारतात आहे. त्याचं सर्वांत भरवशाचं घर आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात आहे. आमच्या गावाच्या उत्तरेला जी डोंगरांची निळी रांग दिसते, तीच रांग पश्चिमेकडे धरून गेलं की त्याचा मुलूख लागतो.

एखादा प्राणी जगात एकाच प्रदेशात सापडतो, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात. शब्द मोठा छान आहे. निष्ठा त्याची असते, आणि संकटही त्यातूनच येतं. कावळा इथं नाही जमलं तर तिथं जातो. प्रदेशनिष्ठ जिवाला 'तिथं' नसतंच.

रानपिंगळ्याची शास्त्रीय जन्मकथा सुरू होते १८७२ साली. एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज गृहस्थाने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळवला. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ब्लेविटचंच नाव त्याला दिलं. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांचं नाव आपण शाळेत राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून पाठ केलं! १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली आणि त्याच वर्षी ह्यूम यांनी आपला ऐंशी हजारांहून अधिक नमुन्यांचा पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. राजकारण आणि पाखरं, दोन्ही एकाच माणसाच्या हातून इतक्या प्रमाणावर क्वचितच झालं असेल.

त्यानंतर ओडिशाच्या बाजूला एक पक्षी मिळाला. मग १८८०च्या सुरुवातीच्या वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात काही नमुने गोळा केले. आणि नंतर सगळं शांत. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. पेंढा भरलेले सात नमुने, लंडन-अमेरिकेच्या संग्रहालयांतले कप्पे, एवढाच त्याचा संसार उरला. १९७०च्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मातब्बरांनीही शोध घेतला, पण पक्षी काही दिसला नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून छापून आलेला फोटोसुद्धा साध्या पिंगळ्याचाच निघाला. बरेच जण म्हणू लागले, गेला बिचारा.

आता इथं एक रहस्यकथा येते. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या नमुन्यांपैकी एकावर चिठ्ठी होती : १९१४, मांडवी, तापी नदीकाठ, गुजरात. गोळा करणारे कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन. हे कर्नल मोठे नावाजलेले. सैनिक, हेर, पक्षितज्ज्ञ. त्यामुळे त्यांच्या चिठ्ठीवर कोणी शंका घेतली नव्हती. पण अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी दक्षिण आशियातले पक्ष्यांचे जुने नमुने तपासायला घेतले, तेव्हा कर्नलसाहेबांच्या चिठ्ठ्या जुळेनात. नमुना कसा भरला आहे, आत कापूस कसा, टाके कसे, हे बारकाईनं बघितल्यावर कळलं की हा पक्षी डेव्हिडसनच्याच हातचा आहे! कर्नलने तो संग्रहालयातून लांबवला, उसवून पुन्हा भरला आणि त्यावर आपल्या नावाची खोटी चिठ्ठी चिकटवली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ही सगळी लबाडी पुराव्यानिशी जगापुढे मांडली.

चोरी एका पाखराची, ती पण मेलेल्या. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तर त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलत्या जागी शोधत राहिले. 'अगदी १९१४पर्यंत तापीकाठी होता' ही समजूतच चुकीची होती. मांडवी यादीतून वगळल्यावर खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडले. तिथं काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. सकाळच्या उन्हात, सगळ्यांना दिसेल असा.

मला या गोष्टीतलं सर्वांत आवडतं ते हे, की तो लपलेला नव्हताच. तिथल्या भिल्ल-पावरा माणसांच्या डोक्यावरून तो रोज उडत होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चक्रं फिरली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात बसून या पक्ष्याचा अभ्यास केला आणि मध्य भारतातल्या जुन्या-नव्या चौदा ठिकाणी शोध घेतला. चारच ठिकाणी तो सापडला, मिळून पंचवीस पक्षी. त्यात आपलं मेळघाट होतं. पुढे अमरावतीच्या आणि बाहेरच्याही पक्षी अभ्यासकांनी मेळघाट पिंजून काढला आणि इथला आकडा शंभरापलीकडे गेला. शेजारी मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरच्या जंगलात डॉ. प्राची मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. जळगाव जिल्ह्यात यावलला तो मिळाला. २०१४ साली तर पार मुंबईजवळ, तानसा अभयारण्यात दिसला, आणि मग गुजरातेत डांगच्या जंगलातही.

या नव्या नोंदींमुळेच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून काढून 'संकटग्रस्त' या वर्गात ठेवलं. दवाखान्याच्या भाषेत सांगायचं तर पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला. घरी सोडलेला नाही. जगभरात मिळून प्रौढ पक्षी अडीचशे ते हजाराच्या आत, असा अंदाज आहे. आमच्या गावच्या एका लग्नात याहून जास्त माणसं जेवतात.

मग हा ओळखायचा कसा? आकाराने तो पिंगळ्याएवढाच, जेमतेम वीतभर, तेवीस सेंटिमीटर. पण आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, ठिपके असले तरी अगदी फिके. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट मधोमध पांढरं स्वच्छ. पंख आणि शेपटीवर रुंद ठळक पट्टे. सावज दिसलं की तो शेपटी डावी-उजवीकडे झटक्याने हलवतो. आवाज मऊ, थोडक्यात, आपल्या पिंगळ्यासारखी भांडणं नाहीत.

हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत तो उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. दहा वाजेपर्यंत त्याची निम्मी कामं उरकलेली असतात. रात्रीचं राज्य दुसऱ्या घुबडांना देऊन हा दिवसाच्या पाळीत का आला, याचं उत्तर त्याच्या ताटात आहे. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सापसुरळ्या आणि सरडे. तोरणमाळच्या अभ्यासात त्याच्या खाण्यात साठ टक्क्यांच्या आसपास सरपटणारेच होते, उंदीर पंधरा टक्के आणि बाकी किडे, बेडूक वगैरे. सापसुरळी ऊन चढल्यावर बाहेर पडते. मग शिकारी रात्री जागून काय करणार? आणि सापसुरळी पानाखाली सरकताना वरून दिसायची तर खालची जमीन मोकळी हवी. म्हणून त्याला गच्च काळोखं रान चालत नाही. विरळ, कोरडं, पानझडीचं, अधूनमधून उघडी जागा असलेलं जंगल त्याला लागतं. कधी कधी तर शेताच्या कडेलासुद्धा तो घर करतो.

घर म्हणजे ढोली. रोहन, मोवई, सालई अशा झाडांना जमिनीपासून पंधरा-पंचवीस फुटांवर असलेली पोकळी. ती तो स्वतः करू शकत नाही. सुतार पक्षी कोरतो किंवा फांदी मोडून कुजते, तेव्हा कुठे ती तयार होते. त्याला झाड म्हातारं व्हावं लागतं. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत विणीचा काळ. बहुधा दोन अंडी. मादी बसते, नर शिकार आणून देतो, पिल्लांना मादीच भरवते. महिनाभरात पिल्लं बाहेर पडतात.

आणि एक गोष्ट अशी की ऐकून अंगावर काटा येईल. तोरणमाळला अभ्यासकांनी नराला स्वतःची पिल्लं खाताना पाहिलं. पक्ष्यांत हे अगदीच अनोखं नाही, पण जिथं मुळात पिल्लं थोडी, तिथं एकेका घरट्याचा हिशेब लागतो.

आता प्रश्न येतो आपल्या लोकांचा. हे सगळं कशाने धोक्यात आहे?

वाघाच्या नावाने पैसा येतो, चौक्या होतात, पर्यटक येतात. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि त्या छत्रीखाली रानपिंगळा सुखाने बसला, हे मान्य केलं पाहिजे. पण वाघाची गरज आणि या वीतभर पाखराची गरज एकच नाही. वाघाला झुडपं, गवत, पाणी, हरणं हवीत. रानपिंगळ्याला जुनी पोकळ झाडं आणि मोकळी जमीन हवी. शिवाय तो व्याघ्र प्रकल्पाची हद्द वाचत नाही. त्याच्या कितीतरी जागा बाहेरच्या साध्या वनात आहेत, जिथं कूप तुटतात, गुरं चरतात, अतिक्रमणं होतात. जंगल सुधारायचं म्हटलं की आपण आधी काय काढतो? वाकडं, वाळकं, पोकळ झाड. 'त्याचा काय उपयोग?' असं म्हणून. उपयोग हाच, की त्यात कोणी राहतं. आणि त्या जागी लावतो सागाच्या सरळ ओळी. सागाच्या तरण्या रोपवनात ढोली कुठली?

जळणाचंही तसंच. सरपणाला माणूस आधी वाळलेलं झाड बघतो. त्यात कोरकू बाईचा दोष नाही. तिच्या घरी चूल पेटायची आहे. पण दोष नसला तरी परिणाम तोच होतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोपं जावं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लागलेल्या आगी ऐन विणीच्या दिवसांत येतात.

आमच्या वरूड-शेंदूरजनाघाट पट्ट्याचाही यात वाटा आहे, तो मी लपवणार नाही. संत्र्याचं झाड फळांनी वाकलं की त्याला टेकू लागतात, बांबू लागतात, बल्ल्या लागतात. पूर्वी माल लाकडी पेट्यांत जायचा, आता बराचसा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जातो, हे बरं झालं. पण हजारो झाडांना टेकू द्यायचे तर लाकूड कुठून तरी येतंच. दुसरीकडे आमचे बोअर आठशे-हजार फुटांवर गेलेत. पाणी सातपुड्याच्या उतारावर मुरतं, तेव्हा कुठे खाली विहिरीत येतं. डोंगर उघडा पडला तर आधी पाखरू जाईल आणि मागोमाग आमची जंबेरीवरची कलमं. हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही, विहीर उपसणारा सालदारही सांगतो.

म्हणूनच २०२० साली राज्य वन्यजीव मंडळाने आमच्या तालुक्यातल्या महेंद्रीच्या जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली, ही बातमी मला मोठी वाटते. एका बाजूला मेळघाट, दुसऱ्या बाजूला पेंच-बोरची जंगलं, आणि मध्ये हा पूल. पंचवीस पक्षी इथं, दहा तिथं, मध्ये उजाड, असं झालं की एखादी वस्ती एका वणव्यात किंवा एका कुपात संपते, आणि तिची जागा भरायला शेजारून कोणी येऊ शकत नाही.

श्रोतेहो, इथं मला एका फार लांबच्या प्राण्याची आठवण होते. न्यूझीलंडमध्ये एक सागरसिंह आहे, सील माशांचा भाऊबंद म्हणा, पण मासा नव्हे, तो सस्तन प्राणी. तोही आपल्या रानपिंगळ्यासारखाच प्रदेशनिष्ठ आणि संकटग्रस्त. शिकारीमुळे तो मुख्य भूमीवरून नाहीसा झाला होता. दक्षिणेकडच्या ओसाड बेटांवर तेवढा उरला. तिथंही माकूळ पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांत अडकून मरायचा, म्हणून जाळ्यांना सुटकेची वाट ठेवायला लावली. १९९३ मध्ये एका मादीने मुख्य भूमीवर ओटागोच्या किनाऱ्यावर पिल्लू दिलं. दीडशे वर्षांत प्रथमच. आज तिच्या लेकी-नाती डुनेडिन शहराच्या आसपास पिल्लं घालतात. २०२१ मध्ये अशीच एक मादी पिल्लासह गोल्फच्या मैदानावर राहिली. तिला समुद्राकडे जायला रस्ता ओलांडावा लागायचा. नगरपालिकेने तो रस्ता महिनाभर बंद ठेवला! लोकांनी वळसा घातला. कोणी मोर्चा काढला नाही.

आपल्याकडे रस्ता बंद ठेवायला कोणी सांगत नाही. आपल्याकडचं मागणं त्याहून लहान आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. त्याला मारणं, पकडणं, अंडी काढणं गुन्हा. तरी आपल्या देशात दिवाळीच्या सुमारास घुबडांचा चोरटा बाजार तेजीत येतो. कोणी तंत्रमंत्रासाठी, कोणी गुप्तधनासाठी. लक्ष्मीचं वाहन म्हणून पुजायचं आणि लक्ष्मी यावी म्हणून त्याचाच गळा चिरायचा, हा कुठला धर्म मला समजलेला नाही. आणि ज्यांना घुबड अपशकुनी वाटतं, त्यांना एवढंच विचारतो, की वावरातले उंदीर कोण खातं? उंदरांना विषारी गोळ्या घालतो, ते अर्धमेले उंदीर पिंगळा उचलतो आणि तोही मरतो. मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट.

दुसरं मागणं आहे हौशी मंडळींकडे. मेळघाटात आता रानपिंगळा पाहायला लांबून लोक येतात. आनंद आहे. पण या पक्ष्याला आवाजाचं भारी वेड. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला की तो धावत येतो, आपल्या हद्दीत कोणी दुसरा घुसला असं समजून. जानेवारी-फेब्रुवारी हे त्यांचे जोड्या जमवण्याचे दिवस, तेव्हा तर लगेच. फोटो छान मिळतो. पण तेवढा वेळ तो शिकार सोडून खोट्या शत्रूला शोधत असतो आणि ढोलीत मादी उपाशी बसलेली असते. सकाळभरात पाच गाड्या आल्या आणि पाचांनी वाजवला, तर त्याचा दिवस गेला. वाट पाहा. सकाळी आठच्या उन्हाला सालईच्या शेंड्याकडे बघत थोडं थांबलं तर तो दिसण्याची चांगली संधी असते.

तिसरं मागणं वनखात्याकडे आणि ग्रामसभांकडे. कूप आखताना, सरपण काढताना, रोपवन लावताना ढोलीची झाडं मोजावीत, त्यांना खूण करावी आणि ती सोडावीत. मेळघाटात किती गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या आराखड्यात ही एक ओळ घालायला खर्च शून्य आहे. कोरकू माणसाला कोणत्या मोवईला कोणत्या उंचीवर भोक आहे हे तोंडपाठ असतं, गुराख्याच्या पोराला तर नक्कीच. त्याला विचारा आणि लिहून घ्या. शहाद्याला ११३ वर्षं न विचारता गेली. ढोलीचं झाड उभं राहिलं तर त्यात आज रानपिंगळा येईल, उद्या पोपट येईल, परवा धनेश येईल. एखाद्या वर्षी मधमाश्यांचं मोहोळही लागेल.

येत्या ऑक्टोबरात त्यांची वीण सुरू होईल. कूप तोडायचा हंगामही पाऊस सरल्यावर त्याच सुमारास सुरू होतो.